पहिलारू सिंहीण, तिची पिल्लं आणि आपला हात

प्रश्न एका तरुण पशुवैद्यांचा आहे. ते नुकतेच एका शहरातल्या प्राणिसंग्रहालयात रुजू झालेत. त्यांच्याकडची गीरची सिंहीण पहिल्यांदाच गाभण आहे आणि दिवस भरत आलेत. पहिलारू सिंहीण बऱ्याचदा पिल्लं टाकते किंवा मारते, म्हणून व्याल्याबरोबर पिल्लं काढून बाटलीवर वाढवावीत, असा सल्ला त्यांना मिळाला आहे. तो बरोबर आहे का, आणि सिंहांची रोजची निगा राखताना कशाकडे लक्ष द्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

डॉक्टर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमच्या हाताशी दिवस थोडे आहेत. पिल्लं काढू नका. आई धडधाकट आहे, तिच्या अंगावर दूध आहे आणि ते पिल्लांच्या पोटात जातंय, एवढं दिसत असेल तर त्या खोलीच्या दारापर्यंतही जाऊ नका. मी २७ वर्षं वाघ-सिंह-बिबट्यांच्या मागे काढली. या काळात जी पिल्लं गेलेली पाहिली, त्यातली बरीच माणसाने घाईने हात घातल्यामुळे गेली. उशीर झाल्यामुळे गेलेली फार थोडी.

सिंहिणीचा गाभणकाळ साधारण ११० दिवसांचा. चार-पाच दिवस इकडे-तिकडे होतात. मिलनाच्या तारखा वहीत लिहिल्या असतील तर त्यावरून मोजा. माजावर असताना जोडी तीन-चार दिवस दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकत्र येते, त्यामुळे पहिली आणि शेवटची अशा दोन्ही तारखा धरा. पोट बघून अंदाज बांधू नका. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबत असते, तिने भले भले फसतात. सड बघा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ते गुलाबी होऊन फुगतात, भोवतालचे केस विरळ होतात. व्यायच्या आदल्या दिवशी ती बहुधा मांसाला तोंड लावत नाही. व्याल्यावरही एक-दोन दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका, पाणी मात्र खोलीतच, तिच्या जवळ हवं.

जंगलात सिंहीण वीण जवळ आली की कळपातून बाजूला होते, झाडोऱ्यात किंवा खडकांच्या आडोशाला एकटी विते आणि पिल्लं सहा-आठ आठवड्यांची झाली की त्यांना घेऊन कळपात परतते. आपल्याला तेवढा एकांत बांधून द्यायचा आहे. नराला दोन-तीन आठवडे आधीच वेगळ्या खोलीत घ्या, पण एवढा लांब नको की तिला त्याचा आवाजही येणार नाही. तिला एकीला एक नाही, दोन खोल्या द्या, मधलं दार उघडं ठेवून. एका खोलीत लाकडी फळ्यांची पेटी, वरून झाकलेली, आत अंधार, खाली कोरडं गवत. ती पेटी तिने वापरली तर उत्तम. नाही वापरली आणि दुसऱ्या खोलीच्या उघड्या कोपऱ्यात व्याली, तरी तिची निवड तिची.

आता दोन गोष्टी, ज्या मी प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगायचो. पहिली गोष्ट गजांची. आपले गज मोठ्या सिंहाच्या मापाने बसवलेले असतात. सव्वा-दीड किलोचं पिल्लू त्यातून सहज पलीकडे सरकतं, आणि पलीकडे दुसरा सिंह असतो. खालपासून तीन फुटांपर्यंत जाड प्लायवूड किंवा पत्रा ठोकून घ्या, कडा आत वळवून. गटाराच्या तोंडावर जाळी बसवा. सहा दिवसांचं पिल्लू गटारात अडकून गेलेलं मी पाहिलंय. आई रात्रभर त्या भोकात पंजा घालून खरवडत होती, सकाळी तिची नखं रक्ताळलेली होती. त्या एका जाळीचा खर्च दोनशे रुपयेही नव्हता.

दुसरी गोष्ट फिनेलची. आपल्याकडे पिंजरा धुतला म्हणजे फिनेलचा वास आला पाहिजे, अशी सगळ्यांची समजूत. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या यकृताला फिनॉलवर्गीय रसायनं नीट निकामी करता येत नाहीत. काळं फिनेल त्यांच्या पंजांना लागतं, ते पंजे चाटतात आणि विष पोटात जातं. पिल्लांना तर आणखी लवकर बाधतं. बाळंतिणीच्या खोलीत आधी नुसतं गरम पाणी, खरवडणी आणि कोरडं करणं. एरवी ब्लीचिंग पावडरचं पाणी वापरून, भरपूर धुऊन, सुकवून मगच प्राणी आत सोडा. याच कारणाने पॅरासिटामॉल आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रिनची औषधं सिंहांच्या विभागातल्या कपाटात ठेवूच नका. कधीतरी रात्रपाळीचा माणूस चांगल्या हेतूने वापरतो.

कॅमेरा लावा, तो अंधारात दिसणारा असू द्या. खोलीत जाणारा-येणारा माणूस एकच, तिच्या ओळखीचा. साहेब, त्यांचे पाहुणे, वर्तमानपत्रवाले, कोणीही आले तरी दार उघडायचं नाही. हे तुम्हाला वरिष्ठांशी बोलून आजच ठरवून घ्यावं लागेल, पिल्लं झाल्यावर कोणी ऐकत नाही.

आमच्याकडची एक रात्र सांगतो. सिंहीण पहिलारू होती, तुमच्या सिंहिणीसारखीच. रात्री साडेअकराला पहिलं पिल्लू झालं. तिने चाटून कोरडं केलं, वार खाल्ली, सगळं रीतसर. तासाभराने दुसरं झालं आणि तिचा तोल गेल्यासारखं झालं. एक पिल्लू तोंडात धरून ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग दुसरं उचलून पुन्हा पहिल्या कोपऱ्यात. दीड-दोन तास तेच. खाली ठेवलेलं पिल्लू ओरडायचं की ती वळायची. माझ्याबरोबरचे प्राणीरक्षक २० वर्षांचे जुने, पण तेही म्हणाले, साहेब, आता मारणार ही, मधलं दार बंद करून पिल्लं काढू या. मीही चावीला हात लावला होता. मग कॅमेऱ्यात नीट पाहिलं. ती पिल्लाला मानेच्या कातडीला नाही, पाठीला धरत होती, म्हणजे उचलायचं कसं हे तिला अजून जमत नव्हतं. पण दात रुतत नव्हते, रक्त कुठेच नव्हतं. आम्ही व्हरांड्यातला दिवाही बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. चारच्या सुमाराला ती आडवी झाली, दोन्ही पिल्लं पोटाशी. थोड्या वेळाने पडद्यावर त्यांचे पुढचे पंजे दिसले, सडाच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने दाबत होते, घरचं मांजराचं पिल्लू दाबतं तसेच. त्या पंजांची लय लागली की दूध उतरलं असं समजायचं. प्राणीरक्षकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ती दोन्ही पिल्लं मोठी झाली. त्यातल्या मादीने पुढे स्वतः तीन वेळा वीण काढली.

म्हणून सांगतो, अस्वस्थ होऊन फिरणं म्हणजे टाकणं नव्हे. टाकल्याची लक्षणं वेगळी. पिल्लं सतत ओरडतात आणि मग हळूहळू त्यांचा आवाज बारीक होत जातो. ती ढिगात न झोपता विखुरलेली पडतात. आई लांब, पाठ करून बसते आणि ओरडण्याला कान फिरवत नाही. असं अखंड आठ-दहा तास दिसलं, तर मधलं दार वापरून तिला शांतपणे पलीकडे घ्या आणि पिल्लं तपासा. तोंडात बोट घातलं तर चोखतं का, आतून तोंड ऊबदार आहे का, पोट भरलेलं आहे का. पिल्लू थंड पडलं असेल तर आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाच्या पोटात घातलेलं दूध पचत नाही, उलट त्यानेच ते मरतं.

बाटलीवर घ्यायचीच वेळ आली तर थोडक्यात लिहितो. पहिल्या दिवसाचा चीक मिळाला नसेल तर निरोगी प्रौढ सिंहाच्या रक्तातला सीरम कातडीखाली देता येतो, तो आधीच काढून गोठवून ठेवलेला असला तर. गाईचं दूध त्यांना चालत नाही, त्यात साखर जास्त आणि प्रथिनं-स्निग्धांश कमी. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर आत्ताच मागवून ठेवा, शहरात ती वेळेवर मिळेलच असं नाही. पिल्लाला पोटावर ठेवून, मान किंचित वर, असं पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया होतो. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट ओल्या कापसाने शी-शूची जागा पुसा, आई चाटून करते ते काम. त्याशिवाय त्यांना होत नाही. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करा. एक दिवस वजन वाढलं नाही तर काळजी करा, घटलं तर लगेच कारण शोधा.

आणि पिल्लू एकटं वाढवू नका. हे मी स्वतः करून बसलेलो आहे. पहिल्या काही वर्षांत आमच्याकडे एकच नर पिल्लू हाताशी आलं. आम्ही ते कार्यालयात वाढवलं, सगळ्यांचं लाडकं. दोन वर्षांचा झाला तेव्हा दुसऱ्या सिंहाची डरकाळी ऐकली की तो आमच्या बाजूच्या जाळीला येऊन चिकटायचा. मादी समोर आणली तर काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. तिने अंग घासलं की तो मागे सरायचा आणि मग एकदम चिडून पंजा मारायचा. चौदा वर्षं तो जगला, सगळी एकट्याने. वाघाला एकटेपण चालतं, सिंहाला नाही. सिंह एकमेकांच्या अंगावर रेलून झोपणारा प्राणी आहे. त्याची आठवण आली की मला आजही अपराधी वाटतं, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

आता खाण्याचं. आपल्याकडे नराला साधारण ८ ते १० किलो आणि मादीला ६-७ किलो म्हशी-रेड्याचं मांस हाडासकट देतात आणि आठवड्यातून एक दिवस उपास, बहुधा संग्रहालयाच्या सुट्टीच्या दिवशी. जंगलातला सिंह एका बैठकीला २५-३० किलो खाऊन मग दोन-तीन दिवस नुसता पडून असतो, म्हणून उपास त्याला बाधत नाही. पण गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला उपास नाही. तिचं खाणं दीडपटीपर्यंत वाढू द्या.

हाडासकट हा शब्द खरेदीच्या कागदावर लिहून घ्या. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो. वाढतं पिल्लू नुसत्या मऊ मांसावर ठेवलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. एका ठिकाणाहून आमच्याकडे पाच महिन्यांचा छावा आला होता. दिसायला गुबगुबीत, केस चकचकीत. त्याला दोन पायऱ्या चढवेनात. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, आणि एक्स-रे काढला तर हाडं काचेसारखी पारदर्शक, मांडीत जुना मोड. त्याला रोज निवडून बिनहाडाचं कोंबडीचं मांस घातलं होतं, प्रेमाने. कॅल्शियम कार्बोनेट आणि हाडं सुरू करून तो उभा राहिला, पण पाय सरळ झाले नाहीत.

दुसरी कमतरता जीवनसत्त्व अ ची. मांजरकुळाला गाजर-पालेभाज्यांतून ते बनवता येत नाही, ते मुख्यतः काळजातून, म्हणजे जनावराच्या यकृतातून, मिळतं. ते कमी पडलं तर छाव्याच्या कवटीचं हाड जाड होत जातं, मेंदूला जागा पुरत नाही, आणि तो मान तिरपी करून वर बघत राहतो, चालताना तोल जातो. सुरुवातीला सापडलं तर काही अंशी सुधारतं. म्हणून आठवड्यातून एकदा काळीज. रोज मात्र नको, कारण ते अति झालं तर विषासारखं होतं.

कोंबडीबद्दल मी आता फार सावध झालोय. २००४ मध्ये थायलंडमधल्या एका व्याघ्रसंग्रहालयात बर्ड फ्लू झालेल्या कोंबड्या खाण्यात आल्याने शंभराहून जास्त वाघ मेले किंवा मारावे लागले. आणि ते लांबचं राहिलेलं नाही. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. कोंबडी द्यायचीच तर पुरवठा कुठून होतो ते स्वतः जाऊन पाहा, आणि आसपास रोगाची बातमी आली की त्याच दिवशी बंद करा.

आजारांचं म्हणाल तर शहरातल्या संग्रहालयात खरा धोका कुंपणाखालून येतो. भटकी कुत्री आणि भटकी मांजरं. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात महिन्याभरात २० हून अधिक सिंह गेले, तेव्हा कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाचा विषाणू सापडला आणि अमेरिकेतून लस मागवावी लागली. त्याआधी १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. कुत्र्यांना देतात ती डिस्टेंपरची जिवंत लस सिंहाला देऊ नका, त्या लसीनेच आजार होऊ शकतो. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लस मात्र द्याच, मृत विषाणूची, आठव्या आठवड्यापासून. पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माश्यांवर लक्ष ठेवा. सर्रा हा रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोग त्यांच्यामुळे पसरतो. २००० साली ओडिशाच्या नंदनकाननमध्ये एकापाठोपाठ १२ वाघ गेले ते याच रोगाने. कानाच्या टोकांना माश्यांनी केलेल्या जखमा दिसल्या की समजायचं आसपास शेण-कचरा साचलाय. करोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, हैदराबादच्या आठ सिंहांना लागण झाली होती, बहुधा माणसांकडूनच. तेव्हापासून खोकला-सर्दी असलेल्या प्राणीरक्षकाला मी त्या दिवशी सिंहांकडे जाऊ देत नसे, पगार न कापता.

पण रोग शेवटी ओळखतो कोण? तुम्ही-मी नाही. सिंह दुखणं लपवतो. डॉक्टर येताना दिसला की तर तो मुद्दाम उठून उभा राहतो. आमच्याकडचे ते प्राणीरक्षक सातवी शिकलेले, पण सकाळी सिंह ओट्यावरून खाली कसा उतरतो एवढं बघून सांगायचे, आज काहीतरी आहे. आधी पुढचा पाय टाकून थांबला, मग दुसरा टाकला, म्हणजे पंजात काही रुतलंय. रात्रीचं हाड चाटून सोडलं, चावलं नाही, म्हणजे दाढ बघा. शी पांढरी-भुसभुशीत असली तर हाडं पोटात गेलीत, ठीक. काळी डांबरासारखी असली तर काल काळीज दिलं होतं का ते आठवा, नसेल दिलं तर मला बोलवा. म्हाताऱ्या सिंहाचं अंगठ्याचं नख वळून मांसात घुसतं, तेही त्यांनाच आधी दिसायचं. खरवडायला बाभळीचा ओंडका ठेवला की तो त्रास बराच टळतो. तुमच्या इथल्या अशा माणसाशी पहिल्या आठवड्यातच बसून चहा प्या आणि तो सांगेल ते लिहून घ्या.

दारांबाबत माझा एकच नियम, त्याला अपवाद नाही. आत पाऊल टाकण्याआधी सिंह मोजायचे. डोळ्यांनी, तोंडाने आकडा म्हणत, दोघांनी. मग सरकतं दार पडलंय का, कडी बसली का, कुलूप लागलंय का, आणि पुन्हा मोजायचे. एकट्याने कधीही जायचं नाही, चार सिंह समोर दिसत असले तरी. माझ्या माहितीतले जे अपघात झाले, ते नव्या माणसाचे नव्हते. वीस वर्षं तेच दार उघडणाऱ्याचे होते, ज्याला वाटलं की दार पडल्याचा आवाज आला.

प्रश्नात तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट लिहितो. ही पिल्लं वंशावळीच्या कुठल्या नोंदीत जाणार आहेत ते पाहा. १९८० च्या दशकात जनुकांची तपासणी झाली तेव्हा आशियाई म्हणून सांभाळलेले कितीतरी सिंह सर्कशीतल्या आफ्रिकी सिंहांशी संकर झालेले निघाले, आणि पुढे त्यांची वीण थांबवावी लागली. ते म्हातारे होईपर्यंत पिंजऱ्यांत राहिले, आणि शुद्ध गीरच्या सिंहांना जागा नव्हती. आता जुनागढच्या सक्करबागेतून, १८६३ पासून चालत आलेल्या त्या संग्रहालयातून, नोंद असलेल्या जोड्या देशभर दिल्या जातात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०२२ मध्ये आलेली जोडी अशीच. गीर आणि आसपासच्या भागात २०२० ला ६७४ सिंह मोजले गेले, २०२५ ला ८९१, पण ते सगळे गुजरातेतल्या एका टापूत आहेत आणि मुळातल्या मूठभर सिंहांचे वंशज आहेत. दुसरा दलखाणिया झाला तर पिंजऱ्यातली ही नोंद असलेली पिल्लं उपयोगी पडतील. आई-बापाचे नोंदणी क्रमांक तपासा, पुढची जागा कुठे आहे हे आधी ठरवा, आणि जागा नसेल तर पुढच्या वेळी जोडी एकत्र सोडू नका.

तुमच्या कामाचा क्रम असा धरा. आज पत्रा आणि गटाराची जाळी. उद्या दूधपावडर आणि कॅमेरा. खोलीच्या दारावर बाहेरून गोणपाट लावा, म्हणजे व्हरांड्यातून जाणाऱ्याची सावलीही आत पडणार नाही. पहिल्या ४८ तासांचं चित्रीकरण पुसू नका. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत डोळे उघडतील, दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं आईच्या मांसाला तोंड लावतील. आठव्या आठवड्याची लस देताना आईला पलीकडे घ्या, हातमोजे तिच्याच गवतात चोळून घ्या, पाच मिनिटांत काम आटपा आणि दार उघडा. बापाशी भेट त्यानंतर, आधी जाळीतून काही आठवडे. पिल्लं जाळीला नाक लावतात, तो खाली बसून फुरफुरतो आणि आई मधे येऊन आडवी होत नाही, असं सलग काही दिवस दिसलं की मगच मधलं दार वर घ्या, आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवा.